दिवा दिसला की बटन दाबायचं

न्हाई न्हाई, मावशी, डोळे उघडायचे न्हाईत—मिटूनच बसा. झोंबतं ना? झोंबनारच. पहिला थेंब झोंबतो, दुसऱ्याला काहीच वाटत न्हाई. हा कापूस घ्या, गालावर ओघळलं तर टिपा, पन डोळा चोळू नका. बाहुली मोठी व्हायला टाईम लागतो, तवर असंच बसायचं. तुमचा मुलगा? बाहेरच हाय, चहाला खाली गेला असंल, धर्माबादहून पहाटंचं निघालेलं मानूस, चहा तर लागंलच की. येईल. कोन, मी? मी डॉक्टर न्हाई हो. मी शिल्पा, मशीनवाली. डॉक्टर सर आत हायेत, ते बघतेत, ते सांगतेत, आमी नुसते फोटो काढायचे. फोटोत काय दिसलं ते आमी सांगायचं न्हाई—पेशंटनी कितीबी इचारू द्या, "सर सांगतेल" एवढंच म्हनायचं. सोपं हाय. तोंडाला सवय होऊन जाती.

मशीनला काय भ्यायचं, मावशी? सुई न्हाई, चिमटा न्हाई, डोळा काढून बाजूला ठेवतेत म्हनून तुमाला गावात कुनी सांगितलं असंल तर तेबी खोटं. नुसता उजेड असतो. बारीक तांबडा उजेड डोळ्यात जातो, आतल्या पडद्यावर आपटतो आन् माघारी येतो. कुठला उजेड किती मागं-पुढं आला ते मशीन ताडती—केसापरीस बारीक फरक बी सुटत न्हाई तिला—आन् मग तुमच्या पडद्याचे थर दिसतेत समोर, एकावर एक, कांदा चिरल्यावर दिसतेत तसे. तुमाला शुगर हाय ना, मग थरात कुठं पानी साठलं का तेवढंच बघायचंय. घाबरायचं कारन न्हाई. तिकडं कोपऱ्यात दुसरी एक मशीन हाय, पांढऱ्या टोपल्यासारखी—आता तुमाला काय दिसनार, डोळे मिटलेत—ती नजरेचा घेर बघायची. टोपल्यात तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्यावरनं नजर हलवायची न्हाई, आन् बाजूला कुठंबी दिवा चमकला की हातातलं बटन दाबायचं. दिवा कधी चांगला ठळक, कधी इतका बारीक की होता का भास झाला तेच कळू नये. ती मशीन उजेड कमी कमी करत जाती आन् मानसाला कुठवर दिसतं ते शोधती. न्हाई न्हाई, तुमाला ती न्हाई करायची, तुमाला सरांनी फोटोच सांगितलाय.

कंटाळा? न्हाई येत. काहीच येत न्हाई. मानूस येतं, हनुवटी ठेवतं, फोटो निघतो, पुढचं मानूस येतं.

मिस्टर? ड्रायव्हर होते. अहो न्हाई न्हाई, तसं न्हाई, हायेत ते, चांगले धडधाकट हायेत. ड्रायव्हर होते म्हनलं मी. शाळेची व्हॅन होती ह्यांच्याकडं, पिवळी. आमी तरोडा नाक्याला राहतो, तिथली सगळी लेकरं ह्यांच्याच व्हॅनमधी. लेकरं लई जीव लावायची. संगमेश्वर काका न म्हनता नुसतं संगूकाका म्हनायची, आन् हे बी त्यांच्यात लेकरासारखेच—कुनाचा डबा सांडला तर आपला रुमाल काढून पुसनार, कुनाचा वाढदिवस असला की हॉर्न वाजवत नेनार. सोडली नोकरी. म्हंजे सुटली. म्हंजे—मीच सोडवली.

आता काय सांगू तुमाला. ही जी मशीन हाय, तुमचा फोटो काढनार ती, ही आली तवा तिला बसवायला कंपनीचा एक मानूस आला होता. सगळ्या स्टाफला शिकवायचं म्हनून तो एक-एकाचा डोळा मशीनला लावून दाखवत होता. आमचे सगळ्यांचे डोळे झाले, तर म्हनला, अजून कुनी हाय का, बाहेरचं? आन् तेवढ्यात हे आले डबा घेऊन. मी डबा विसरले होते घरी. शेपूची भाजी होती. लेकरं शाळेत सोडून, व्हॅन खाली उभी करून, हे वर आले. मी म्हनलं, बसा की, फुकटात तपासून होतंय. तर म्हनले, नको, मला लेकरं आनायला जायचंय. अहो, शाळा सुटायला अजून लई टाईम होता! मी हाताला धरून ओढलं. सगळे हसून राहिले होते. मी बी हसत होते. आन् बसले बिचारे.

फोटो निघाला. मला वाटलं मशीनच नीट बसली न्हाई. थरांत एक थर असतो, मावशी, सगळ्यांच्या डोळ्यात असतो, पांढऱ्या रेघेसारखा, उजेड पकडायचं काम तेचंच. ह्यांच्या फोटोत ती रेघ मधोमध होती आन् दोन्ही अंगांनी जाता जाता संपून गेलेली. कंपनीचा मानूस खुश. म्हनला, अरे वा, मॅडम, असा डोळा शिकायला मिळत न्हाई. तेला काय माहीत हा कुनाचा कोन. सर आले, त्यांनी बघितलं, नुसतं म्हनले, शिल्पा, ह्यांना घेरावर घे. घेतलं. टोपल्यात तोंड घालून बसले हे, हातात बटन. मी बाजूला उभी. स्क्रीनवर मला दिसतं ना, दिवा कुठं लागला, बटन दाबलं का न्हाई. दिवे लागत होते आन् ह्यांचा अंगठा तसाच. सगळं झाल्यावर जो कागद येतो तेच्यावर न दिसलेली जागा काळी येती. सगळीकडं काळं आन् मधी वाटीएवढं पांढरं. कुलपाच्या भोकातून बघावं तेवढी दुनिया ह्यांना दिसत होती, आन् तेवढ्या भोकातून हे व्हॅन चालवून राहिले होते.

औषध? न्हाई ना. ऑपरेशन बी न्हाई. पडद्याचंच दुखनं हाय ते, रक्तातून येतं, हळूहळू कडेकडून खात येतं. सरांनी इचारलं, कधीपासून कमी दिसतंय? हे म्हनले, तसं काही जानवलं न्हाई. मग जिन्यात मला म्हनले. जिना उतरताना म्हनले, माझ्याकडं न बघता. लहानपनापासून अंधारात दिसत न्हाई, शिल्पा. बाजूचं कमी व्हायला लागलं ते आपल्या सृष्टीच्या जन्मानंतर. मी म्हनलं, मग सांगितलं का न्हाई? म्हनले, सांगून काय झालं असतं? लग्नात ह्यांनी हट्टानं वरात दुपारची काढायला लावली होती. आमच्या कंधारच्या बाया म्हनत होत्या, मिरवायची हौस न्हाई पोराला, किती साधा. मीबी तेच समजत होते इतकी वर्षं.

डोळे मिटा, मिटा. उघडले तुमी. दुसरा थेंब टाकते, मान वर करा. झालं. बघा, न्हाई झोंबला.

हे म्हनले, कुनाला सांगू नको. दिवसा मला दिसतं, रस्ता पाठ हाय, गल्लीतला खड्डा न् खड्डा माहीत हाय. परीक्षा होऊ दे लेकरांच्या, मग सोडतो मी आपलं आपन. मी बरं म्हनलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीला निघाले, आन् का काय माहीत, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी थांबले. व्हॅन आली. लेकरं चढली. एक बारकी पोरगी, गळ्यात पान्याची बाटली, बाटलीचं झाकन पडलं म्हनून व्हॅनच्या पुढून वाकली. डाव्या अंगाला. ह्यांनी आरसा बघितला, मागं बघितलं, सगळं नीट बघितलं मावशी, आन् गिअर टाकला. पोरीच्या बहिनीनं दप्तराला धरून तिला खस्सकन मागं ओढलं. व्हॅन निघून गेली. ह्यांना कळलंच न्हाई तिथं कुनी होतं. हॉर्न वाजवत गेले, कुनाचा तरी वाढदिवस असंल. मी ओरडले बी न्हाई. रिक्षा केली, शाळेत गेले, मोठ्या बाईंना सांगितलं की ह्यांच्या हातात व्हॅन देऊ नका, आन् कशासाठी तेबी सांगितलं. मग इथं आले. त्या दिवशी गर्दी होती, मोतीबिंदूचा कॅम्प होता.

बोलले? न्हाई. भांडले बी न्हाईत. भांडले असते तर बरं झालं असतं. घरी आले, व्हॅनची किल्ली देवापुढं ठेवतेत ना, तिथं हात गेला, किल्ली तर शाळेत देऊन आलेले. तिथंच उभे राहिले थोडं. मग हातपाय धुतले. जिलानीभाई म्हनून ह्यांचे दोस्त हायेत, दोघं बरोबर गाडी शिकलेले, त्यांना शाळेनं व्हॅन दिली. भल्या मानसानं काय केलं, दुसऱ्याच दिवशी दारात येऊन हॉर्न वाजवला—संग्या, चल, बाजूला बैठ, मेरेकू बच्चों के नामां नहीं मालूम. तवापासून हे बाजूला बसतेत. लेकरं चढवतेत, उतरवतेत, नावं घेऊन हाका मारतेत. माझ्याशी बोलतेत, तसं न्हाई, मीठ दे, कुलूप लावलं का, एवढं बोलतेत.

सासू आल्या उदगीरहून. नागुबाई. त्यांचं सगळं खरं असतं. दारातूनच सुरू झाल्या—चांगला हिंडता-फिरता गडी, मशीनीत घातला आन् आंधळा करून आनला हिनं! उजेड मारमारून डोळे घालवले माझ्या लेकाचे! शेजारचे सगळे बाहेर. मी पीठ मळत होते, मळत राहिले. आन् मग म्हनल्या, आमच्यात समद्यांलाच तिन्हीसांजंला कमी दिसतं. माझ्या मालकाला न्हाई दिसायचं, थोरल्या दिराला न्हाई दिसायचं, म्हनून काय कुनी कामं सोडली? समद्यांलाच, म्हनल्या. हात थांबला माझा. सृष्टी तिथंच बसली होती, आज्जीच्या पिशवीतले पेढे काढून राहिली होती.

हाव. मुलगी. एकच हाय. चौथीला गेली.

चला, झाली बाहुली मोठी. उठा, माझा हात धरा. असं. इथं स्टूल हाय, बसा. हनुवटी ह्या खोबनीत, कपाळ पुढं टेकवा, घट्ट. आता डोळे उघडा. समोर हिरवी फुली दिसती का? बोलू नका! बोललं की हनुवटी हलती, फोटो बिघडतो. दिसत असंल तर बोट हलवा. हां. तिच्याकडंच बघायचं. लाल रेघ सरकंल, सरकू द्या, तिच्यामागं जाऊ नका.

घेऊन आले मी सृष्टीला इथं. रविवारी दवाखाना दुपारनंतर बंद असतो, सफाईवाल्या बाई तेवढ्या असतेत, तवा आनलं. म्हनलं, चल, तुला एक गेम खेळवते. टोपल्यासमोर बसवलं, उशी घातली खाली, पोहोचंना म्हनून. बटन दिलं हातात. म्हनलं, मधी बघायचं, आन् दिवा दिसला की बटन दाबायचं, जितके जास्त दाबशील तितके मार्क. लई खुश. पापनी मिटा मावशी, एकदा—उघडा. उघडीच ठेवा. सुरू केलं मी. आधी मधले दिवे लागले. टक, टक, टक—दाबून राहिली पटापट. बारीकातला बारीक दिवा बी सोडला न्हाई. मला वाटलं, हाय, हाय, दिसतंय माझ्या लेकराला. मग दिवे बाहेर सरकले. हलू नका. वरच्या अंगाला लागला. हिचा अंगठा तसाच. मशीननं उजेड वाढवला. खाली लागला. बाजूला लागला. अजून वाढवला. मला तर स्क्रीनवर सगळं दिसत होतं, एक विझतोय, दुसरा लागतोय, चारी बाजूंनी चमकून राहिलेत, आन् पोरगी शहान्यासारखी मधी बघत बसली, बटनावर अंगठा तयार ठेवून. मग म्हनली, मम्मी, मशीन बंद पडली का?

दुसरा डोळा. हनुवटी तशीच ठेवा, मी मशीन सरकवते. हिरवी फुली. हां.

मी म्हनलं, न्हाई गं, चालू हाय. म्हनली, मग खेळ कधी सुरू होनार? मी म्हनलं, झालाच आता. टोपल्यातून तोंड काढलं, गालावर वळ उठला होता कडेचा. म्हनली, पास झाले का? झाली, म्हनलं. किती मार्क? पैकीच्या पैकी. जाताना तिला उसाचा रस पाजला. बर्फ जास्त घाला म्हनत होती, खोकला हाय म्हनून मी न्हाई घालू दिला. तेच आठवतंय बघा मला, बर्फ घालू दिला न्हाई ते.

सरांना मी सांगितलं न्हाई. घरी बी न्हाई सांगितलं. किती दिवस गेले, मोजले न्हाईत. सकाळी इथं यायचं, फोटो काढायचे, "सर सांगतेल" म्हनायचं, घरी जायचं. रडू बी येत न्हाई. वाटतं यावं. न्हाई येत. एकदा दिवेलागनीला घरी पोहोचले, तर जिन्यात दिवा न्हाई. बल्ब गेला असंल म्हनून मी मोबाईलचा उजेड लावनार, तर वरून ह्यांचा आवाज आला. घाई करायची न्हाई, म्हनत होते. बुटाच्या टोकानं आधी कड शोधायची. कड सापडली की मग टाच. भिंतीला तळहात न्हाई लावायचा, बोटांची पाठ लावायची, म्हंजे खिळा-बिळा असला तर लागत न्हाई. आन् सृष्टी हसत हसत उतरून राहिली होती. पप्पा, सापडली! पप्पा, अजून एक सापडली! मी खालीच उभी राहिले, डब्याची पिशवी घेऊन. मोबाईल लावला न्हाई.

मी तर कुनालाच सांगितलं नव्हतं, मावशी. पोरगी झोपल्यावर इचारलं, तुमाला कुनी सांगितलं? लई दिवसांनी माझ्याकडं तोंड करून बोलले. म्हनले, कुनी कशाला सांगायला पाहिजे. मागच्या साली तुझ्या चुलतभावाच्या लग्नात मंगल कार्यालयातली लाईट गेली होती, आठवतं का? जनरेटर चालू होईपर्यंत सगळी लेकरं कशी पळत सुटली. ही न्हाई पळाली. हिनं येऊन माझा शर्ट धरला. आन् मी हिचा खांदा धरून उभा होतो, की ही नेईल मला भिंतीपर्यंत. ती माझ्या भरवशावर, मी तिच्या. जागचं कुनीच हललं न्हाई. तवाच कळलं मला, म्हनले. मी म्हनलं, मग मला का न्हाई सांगितलं? तर म्हनले, तू का न्हाई सांगितलं?

बोलू नका, मावशी. बोट बी हलवू नका. थोडंच राहिलंय.

काल त्यांनीच तिला सांगितलं. व्हॅन रिकामी झाल्यावर जिलानीभाईंनी दोघांना गोदावरीच्या काठाला सोडलं, तिथं बसून सांगितलं. तुझे डोळे माझ्यासारखे हायेत, म्हनले. मधलं दिसंल, वाचता येईल, शाळा होईल, पन अंधारात आन् बाजूचं हळूहळू कमी होत जाईल, आन् तेवढं मी तुला शिकवीन सगळं, मला येतं. रडली का, म्हनून मी इचारलं. न्हाई म्हनले. पान्यात एक खडा टाकला आन् म्हनली, मम्मीला माहीत हाय का? हे म्हनले, मम्मीला तुझ्या आधी कळलं. तर म्हनली, मग मम्मी मला पास का म्हनली?

घरी आली तर माझ्याशी चांगली बोलली. गृहपाठ केला, वरन-भात खाल्ला. तिनं मला इचारलं न्हाई. ह्यांनी सांगितलं म्हनून मला माहीत. आता ती इचारंल म्हनून मी बसून राहिले शेजारी, पांघरून घातलं, केस बांधले. न्हाई इचारलं. आज सकाळी बी न्हाई. जिलानीभाईंचा हॉर्न वाजला, हे पुढं झाले, तिनं ह्यांच्या हातात हात दिला आन् दोघं जिना उतरून गेले. माझ्याकडं बघून टाटा केलं. वरच्या पायरीवर मी. मला एकदा वाटलं, हाक मारावी, म्हनावं, सृष्टी, थांब—

झालं. झालं, मावशी, काढा हनुवटी. न्हाई, हा कापूस घ्या, पदरानं नको. कशाला रडून राहिलाव तुमी? तुमचं तसलं काही न्हाई. फोटो चांगला आलाय. काय दिसलं? सर सांगतेल. इकडं या, दाराला उंबरा हाय, पाय उचला. हा घ्या तुमचा मुलगा आला. उन्हात जाऊ नका आता, बाकावर बसा.

पुढचं कोन हाय? या, काका. टोपी काढा.